निरोप कुणी आणला

कोंडिबाला नसत्या चौकशा फार, असं त्याची बायको म्हणायची आणि ते खोटं नव्हतं. एसटीत शेजारी बसलेल्याचं गाव, पाव्हणे आणि डब्यातली भाजी एवढं कळल्याशिवाय त्याचा प्रवास पुरा होत नसे. असा माणूस मांडवगण फराट्याच्या खाली, भीमेच्या काठी, मोटारघरात एकटा बसवला होता. उपसा योजनेची मोटार सांगितली की चालू करायची, सांगितली की बंद करायची, एवढंच काम. बोलायला फक्त नदी.

वर माळावर, दोन किलोमीटरवर, सम्राट असायचा. आयटीआय झालेला, हाताला कसब असलेला फिटर. पाइपलाइन आणि व्हॉल्व्ह सगळं त्याच्याकडं. अडचण एकच. मोटारघर खळग्यात, तिथं रेंजचं नाव नाही. वर व्हॉल्व्ह उघडला की 'चालू करा' एवढे दोन शब्द सांगायला सम्राटला मोटारसायकलवरून खाली यावं लागे. पेट्रोल जाळून जाळून तो कंटाळला आणि एक दिवस त्यानं कोंडिबाच्या फोनात एक ॲप घातलं.

"आबा, ह्याला टॉवर लागत न्हाई, सर्व्हर बी न्हाई. माझा फोन जवळच्या फोनला देणार आन् मोकळा हुणार, मग त्यो पुढच्याला. पाइपलाइनच्या कडंनी शेतात जी माणसं असत्यात, त्यांच्या फोनात बी घातलंय."

"म्हंजी आपला निरोप लोकं वाचणार?"

"वाचता येत न्हाई. कुलूप लावल्यागत असतो. नुसता पुढं न्यायाचा."

"आन् मधी कुणीच नसलं तर?"

"तर पोचत न्हाई. मग मी येतोच की."

कोंडिबाची तर चैनच झाली. निरोपात काय लिहिलंय यापेक्षा तो कुणाच्या फोनातून आला, याचंच त्याला कुतूहल. निरोप आला की हा दारात जाऊन वाटेकडं बघणार. एका मिनिटात आला, म्हणजे वाटेवरच्या अनिताच्या कांद्यात बायका लागल्यात. दहा मिनिटांनी आला, म्हणजे झुंबरबाई शेळ्यांमागं रमतगमत उतरली आणि निरोपही तिच्याच चालीनं उतरला. संध्याकाळी चहाच्या टपरीवर एकेकाला विचारून तो खात्री करून घ्यायचा. दहातले आठ अंदाज बरोबर निघत आणि उरलेल्या दोन वेळी तो समोरच्यालाच खोटं पाडायचा.

बुधवारी मात्र साडेनऊ झाले, दहा झाले, निरोप नाही. अनिताचे कांदे काढून उरकले होते, वाटेवर माणसं विरळ. शेवटी सम्राट स्वतःच आला. "टाकला व्हता, पोचला न्हाई वाटतं," म्हणाला. मोटार चालू झाली आणि दोघंही तो निरोप विसरून गेले. पोचला नाही म्हणजे संपला, असं दोघांनीही धरलं.

गुरुवारी गावात लग्न. शिवारात चिटपाखरू नाही. सम्राट सकाळीच सांगून गेला होता, "मोठ्या व्हॉल्व्हचं पॅकिंग गेलंय. चेंबरात उतरून बदलतो. झालं की निरोप टाकतो, न्हाई पोचला तर येतोच." चेंबर दीड पुरुष खोल. पाइप उघडा असताना खालून साठ हॉर्सपॉवरचं पाणी आलं, तर आतल्या माणसाला वर यायला सवडच मिळायची नाही. कोंडिबाला हे चांगलं ठाऊक होतं, म्हणून तो स्टार्टरपासून लांब, दाराशी बसला होता.

सव्वाअकराला फोन वाजला. 'मोटार चालू करा. सम्राट.' खाली वेळ होती, तीही सव्वाअकराचीच. हे ॲप निरोप हाती पडल्याची वेळ दाखवायचं.

कोंडिबा उठला. हिरव्या बटणावर बोट ठेवलं आणि नेहमीची खोड उसळली. सगळं गाव लग्नात, मग हा आणला कुणी? बोट काढून तो दारात आला. माळाकडची वाट मोकळी होती. नदीकडून, पुलाच्या बाजूनं मात्र झुंबरबाई येत होती, काखेत पिशवी.

"वहिनी, माळावरनं आला व्हय?"

"माळावरनं कुठली? लेकीकडं भांडगावला गेल्ते की. काल जावई आलं फटफटी घिऊन, माळावरनंच उचललं मला. शेळ्या शेजारच्या जाईबाईच्या गळ्यात टाकल्या आन् गेले. आत्ता येतीय."

"काल कवा?"

"न्ह्यारीच्या वक्ताला. सम्राट तिथंच व्हता, इचारा त्याला. का वं भावजी?"

कोंडिबानं फोनाकडं पुन्हा बघितलं. कालचा निरोप हरवला नव्हता. झुंबरबाईच्या पिशवीतल्या फोनात बसून तो भांडगावला मुक्कामाला गेला होता, आणि आज कोंडिबाचा फोन जवळ येताच इमानानं त्याच्या स्वाधीन झाला होता. बिचाऱ्या बाईला त्याचा पत्ताही नव्हता.

त्यानं मेन स्विच पाडला, मोटारघराला कुलूप घातलं आणि साठीचा माणूस माळाकडं पळत सुटला. बटण दाबलं नव्हतं, मग पळायचं काय कारण? पण सम्राटचं तोंड बघितल्याशिवाय त्याला धीर धरवेना.

सम्राट चेंबरातच होता, खांद्यापर्यंत हात पाइपात घातलेला.

"आबा? तुम्ही इथं कसं? अजून चार बोल्ट राह्यलेत."

कोंडिबाला बोलायला दम नव्हता. त्यानं फोनच पुढं धरला. सम्राटनं वाचलं. "हे मी आज टाकलंच न्हाई," तो म्हणाला. झुंबरबाईचं कळल्यावर तो वर येऊन काठावर बसला. हातातला पाना खाली ठेवायचंही त्याला सुचलं नाही.

"तुम्हाला संशय कसा आला?"

"संशय कसला, बाबा? कुणी आणला, तेवढंच बघाया भाईर आलो." बोलता बोलता कोंडिबाला रडू फुटलं. ते त्यानं लपवलं नाही.

"काढूनच टाकतो हे ॲप."

"काढू नगं. 'बंद करा' म्हणायला ऱ्हाऊ दे. त्यो शिळा होऊन आला तर घटकाभर पाणी थांबंल, दुसरं काय? पण 'चालू करा' म्हणायला माणूस समोर पायजे."

सम्राट मान हलवून पुन्हा खाली उतरला. चारी बोल्ट आवळून होईतो कोंडिबा काठावरून हलला नाही. मग सम्राटनं मोटारसायकल काढली.

"बसा मागं," तो म्हणाला. "चालू करा म्हणायला मीच येतो."