तिसऱ्या रांगेतलं हसू

दळवी सरांनी मला फसवलं. हिंदमात्याला स्वतःच्या हिमतीवर साडीचं दुकान उभं केलेल्या, सुरतेच्या व्यापाऱ्याला घासाघीस करून रडकुंडीला आणणाऱ्या बाईला त्यांनी परळच्या एका खोलीत चार वर्षं, दर रविवारी सकाळी, तिच्या डोळ्यांदेखत फसवलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मला त्यांच्या हाताविषयी लिहायचं आहे, आणि त्या हाताची आठवण आली की माझा राग पातळ होतो.

तो हात उजवा. वर उचललेला, मूठ मिटलेली, पूर्वेच्या खिडकीतून आलेलं कोवळं ऊन मनगटावरच्या पांढऱ्या केसांत अडकलेलं. समोरच्या बाकांवरून हशा उसळला की ती मूठ घट्ट राहायची. हशा ओसरू लागला की आधी करंगळी सुटायची, मग अनामिका, मग मधलं बोट. आणि मधलं बोट सुटलं की नटाने पुढचं वाक्य बोलायचं, त्याआधी नाही. सर मूळचे मालवणकडचे, त्यामुळे हशालाही ते समुद्राच्या हिशेबात मोजायचे. कुणी भरतीतच वाक्य घालून बुडवलं की म्हणायचे, "घाई कित्याक करतंस गो? ओहोटी लागांदे."

एका वाहिनीच्या स्टुडिओत त्यांनी उभं आयुष्य कॅमेऱ्यांच्या पायाशी काढलं होतं, नटांना मूक खुणा करत. निवृत्तीनंतर चाळीतल्या भजनी मंडळाची खोली रविवारपुरती मागून घेतली आणि आमच्यासारख्यांना, कामगार नाट्यस्पर्धांत घसा फोडून वाढलेल्यांना, प्रेक्षकांसमोर चालणाऱ्या चित्रीकरणात उभं राहायला शिकवू लागले. आमच्यातला प्रत्येक जण एकच चूक करायचा: शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यासाठी आवाज फेकायचा आणि हशा आला की त्या दिशेला तोंड वळवायचा, देवळात घंटा वाजली की वळतो तसा. सरांनी एका उंच स्टुलावर लाल कागद लावलेला टॉर्च बांधला होता. तो लाल डोळा म्हणजे कॅमेरा. हसणारी माणसं समोर, पण नजर त्या डोळ्यावर. हशा कानांनी नाही, कातडीने ऐकायचा. फरशीवर खडूचं एक वर्तुळ, त्यात एक जण उभा आणि बाकीचे बाकावर, प्रेक्षक होऊन. पाळीपाळीने.

माझी पाळी मात्र बाकावरच मुरली. दोष माझ्या हसण्याचा. माझे वडील गिरणीत साच्यांवर, म्हणजे कापडाच्या मागांवर, होते आणि त्या खडखडाटात त्यांचे कान गेले होते. लालबागच्या आमच्या खोलीत त्यांना ऐकू जावं म्हणून माझं हसू लहानपणीच मोठं झालं, पोटातून निघून भिंतीवर आपटून परत येणारं. मी हसले की शेजारचा हसायचा, मग त्याच्या शेजारचा, वाळलेल्या गवतात ठिणगी पडल्यासारखं. सरांनी ते पहिल्याच महिन्यात हेरलं. "मंगल, आज तू बाकावर बस. पुढच्या रविवारी तुझं." गिऱ्हाईकाच्या तोंडी 'उद्या येते' ऐकलं की मी साडीची घडी घालून टाकते, इतकी मी त्या शब्दाला ओळखून आहे. पण त्या खोलीत, त्या उन्हात, मी चार वर्षं 'पुढचा रविवार' विकत घेत राहिले. खडूच्या वर्तुळात जेमतेम सहा-सात वेळा उभी राहिले असेन, आणि त्या प्रत्येक वेळी सर डोळे मिटून बसले होते. ऐकत होते की कंटाळले होते, ते मला आजही ठाऊक नाही.

वर्गात एक प्रहसन मी स्वतः रचलेलं होतं. दुकानात रोज बघते त्या बायकांतली एक: चाळीस साड्या उलगडायला लावते, पदर खांद्यावर टाकून आरशात सात वेळा वळते आणि शेवटी म्हणते, "सगळ्या साड्या चांगल्यात हो, पण माझ्याकडच्या फॉलला एकही जुळत नाही." वर्ग हसून लोळला होता. पुढे एका वाहिनीने आमच्या वर्गाला प्रेक्षकांसमोरच्या कार्यक्रमात बोलावलं, तेव्हा सरांनी ते प्रहसन वर्गातल्याच माटुंग्याच्या सायलीला दिलं. मी भांडले. चाळीच्या गॅलरीत माणसं बाहेर आली इतकं भांडले. सर शांतपणे खडूने माखलेली बोटं झटकत म्हणाले, "तू तिसऱ्या रांगेत बस. तू नसलीस तर ती उभी कशी राहील?"

मी बसले, पण मनात एक सौदा पक्का करून: आज तोंड उघडायचं नाही.

स्टुडिओतली थंडी हाडांत शिरणारी, वरून दिव्यांचा पांढरा वर्षाव. आजूबाजूला अँटॉप हिलच्या वसाहतीतून बसने आणलेल्या बायका, टाळ्या कधी वाजवायच्या ते नुकतंच शिकलेल्या, बिचकलेल्या. सायली फॉलच्या वाक्यापर्यंत पोचली. बोलली. आणि काही झालं नाही. एक खुर्ची करकरली, तेवढंच. शिकवल्याप्रमाणे ती थांबून राहिली, लाल डोळ्याकडे बघत, गालावरचा रंग उतरत चाललेला. कॅमेऱ्याच्या बाजूच्या काळोखात तो हात वर होता, मूठ मिटलेली. पण सर सायलीकडे बघत नव्हते. ते तिसऱ्या रांगेकडे बघत होते.

मरत होतं ते वाक्य माझं होतं. मी हसले. बापाला ऐकू जावं तशी हसले. रांग पेटली, मग मागची, मग सगळा स्टुडिओ. काळोखात करंगळी सुटली, अनामिका सुटली, मधलं बोट सुटलं, आणि सायली बोलली.

बाहेर तिने माझे हात धरले. "मंगलताई, तुम्ही हसला नसतात तर मी मेले असते!"

"मरायलाच हवी होतीस," मी म्हणाले. ती खळखळून हसली. इतकं शिकून, चुकीच्या जागी.

सर मागून आले, म्हणाले, "बरोबर वेळेला हसलीस." तेवढंच. मी त्या खोलीची पायरी पुन्हा चढले नाही. गेल्या मार्गशीर्षात ते गेले, तेव्हाही चाळीच्या फाटकापर्यंत जाऊन परत फिरले.

हल्ली दुकानातल्या टीव्हीवर कुठलंही प्रहसन लागतं, कुणीतरी कसलातरी फुसका विनोद करतं आणि त्याच्या पाठीमागून ते येतं: पोटातून निघालेलं, भिंतीवर आपटून परतणारं. त्या दिवशी ध्वनिमुद्रित झालेलं माझं हसू ते लोक अजून जिथे तिथे चिकटवतात. माझ्याकडे काम करणारी कविता परवा साडीची घडी घालता घालता थबकली. "ताई, ही बाई सेम तुमच्यासारखी हसते बघा." मी तिला गिऱ्हाईकाकडे बघ म्हटलं. माझ्या घरात आता कुणी बहिरं नाही, आणि इतकं मोठं हसायला कारणही उरलेलं नाही. मी थांबले, ते मात्र थांबत नाही.

म्हणून सर, जाब तुम्हालाच विचारते, कारण दुसऱ्या कुणाला तो देता येणार नाही. मला अभिनय येत नव्हता म्हणून तुम्ही मला बाकावर बसवलंत, की माझ्यासारखं हसणारं दुसरं कुणी मिळत नव्हतं म्हणून? मी वर्तुळात उभी असताना त्या मिटलेल्या डोळ्यांआड एकदा तरी काही दिसलं होतं का? खडू कधीच पुसला गेला, ऊन अजून त्याच खिडकीतून येत असेल, आणि तुमची मूठ मला अजून वर दिसते, मिटलेली. तुम्ही शिकवलंत तशी मी थांबून आहे. मधलं बोट सोडा आता, आणि या खेपेला तुम्ही बोला.