पोचा आलेला डबा

सून मोरीत पाय धूत होती, तेवढ्यात सासूने दाराच्या हँडलमधली चौकोनी सळई ओढून काढली आणि पोलक्यात टाकली. सळई गारढोण होती. म्हातारी शहारली, पण चेहरा असा ठेवला की दार नावाची वस्तू जन्मात पाहिली नाही.

सुनेने येऊन हँडल फिरवलं. ते सरळ तिच्या हातात आलं. बाहेरच्या बाजूचं हँडल जिन्यात पडून खणखणत दोन पायऱ्या उतरलं.

"आई, दार उघडत नाहीये."

"मग माझ्याकडे काय बघतेस? मी काय दाराची सासू आहे?"

दाराशी सुनेची बॅग भरून उभी होती. ती बॅगेची चेन लावताना सून सहज म्हणून गेली होती, "आई, मी जाते हं थोड्या वेळात." घोटाळा तिथेच झाला. या घरात 'जाते' कोणी म्हणत नसे. कोपऱ्यावरून मीठ आणायचं असलं तरी 'येते' म्हणून निघायचं. चार वर्षांपूर्वी म्हातारीचा मुलगा याच उंबऱ्यात उभा राहून 'जातो' म्हणाला होता, आणि गेला तो दुसऱ्याच बाईच्या घरी संसार मांडून बसला. जन्मभरात त्याने पाळलेला शब्द म्हणाल तर तेवढाच. मागे उरल्या सासू आणि सून. ज्याच्यामुळे नातं जुळलं तो पसार, आणि नातं आपलं एका खोलीत तसंच. आता डबाबंद माशांच्या ज्या कारखान्यात सून कामाला होती, त्याने तिला दुसऱ्या गावच्या शाखेत सुपरवायझर केलं होतं. उद्या सकाळी हजर व्हायचं, नाहीतर ती जागा दुसरीला.

'जाते' कानावर पडलं आणि म्हातारीचा हात आपसूक हँडलकडे गेला. एवढंच.

आरडाओरडा ऐकून शेजारचा रिक्षावाला दाराबाहेर आला.

"वहिनी, ढकलू का?"

"दार बाहेर उघडतं हो, भाऊ."

"मग ओढतो."

"कशाला धरून?"

बाहेर बराच वेळ विचार चालला.

"यातली सळईच नाही," शेवटी तो म्हणाला. "आतच पडली असणार. बघा की खाली."

सुनेने कपाटाखाली पाहिलं, पायपुसणं झटकलं. आपण हातावर हात ठेवून बसलो तर बरं दिसणार नाही, म्हणून म्हातारीही वाकून पलंगाखाली बघायला लागली. सळई बरगडीत रुतली.

"आई गं!"

"काय झालं?"

"काही नाही. वय झालं."

"सुताराला आणतो मी," रिक्षावाला म्हणाला. "पण तो जेवून झोपला असेल, तर त्याची बायकोसुद्धा त्याला उठवायच्या भानगडीत पडत नाही. आधीच सांगून ठेवतो." त्याच्या चपला जिना उतरून गेल्या.

सून खिडकीशी गेली. समोर बसथांबा दिसत होता. बस बाराची, असं तिने सकाळीच सांगितलं होतं.

"उपाशी थोडंच राहायचं?" सासू म्हणाली आणि फळीवरून नूडल्सची दोन पाकिटं काढली. मग पाय उंचावून मागचा माशांचा डबा काढला. सून वळून बघतच राहिली.

कारखान्यात ज्या डब्यांना पोचा येई ते कामगारांना मिळत. पाळीवरून आली की सून नूडल्स उकळायची, त्यात डबा उपडा करायची आणि उभ्याउभ्या खायची. सासूने त्या डब्याला कधी बोट लावलं नव्हतं. "चांगला पोहणारा मासा धरायचा, तेलात कोंबायचा, वर झाकण ठोकायचं," ती नाक मुरडून म्हणायची, "आणि मुंडकी कुठे जातात ते कोणी सांगत नाही."

आज मात्र म्हातारीने कामाला असा काही हात घातला की मासे बघत बसले असते. कांदा चिरला तो केसासारखा. लसूण एकेक पाकळी सोलून, उजेडात धरून तपासली. वेळ काढायचा होता ना!

डब्याची कडी ओढली तर ती तुटून हातात आली.

"द्या इकडे," सून म्हणाली. तिने चमचा उलटा धरला, त्याचा दांडा झाकणाच्या कडेखाली घातला, तिरका करून अर्धा वळसा दिला. टक्. झाकण उघडलं.

चमचा तसाच हातात धरून सुनेने दाराकडे पाहिलं. हँडलच्या जागी चौकोनी भोक होतं आणि त्यातून जिन्यातला उजेड आत येत होता. तिने चमचा धुतला, पुसला, बाजूला ठेवला.

"कांदा करपेल," ती म्हणाली आणि पाट घेऊन बसली.

डब्यातल्याच तेलात कांदा लाल झाला. लसूण, तिखट, एक टोमॅटो. नूडल्स जरा कच्च्या असतानाच उतरवल्या, पुडीतला मसाला अर्धाच घातला. मासे मोडू नयेत म्हणून अगदी शेवटी, आणि वर लिंबू. दोघी समोरासमोर बसल्या. म्हातारीने डोळे मिटून पहिला घास घेतला.

"कसं आहे?"

"मेला बराच आहे की गं." आणि मग, गप्प बसवेना म्हणून, "माझ्या मामाने एकदा असाच डबा उघडला, तर आतला मासा म्हणाला, झाकण लाव रे, वारा लागतो."

"मग मामांनी काय केलं?"

"लावलं. मऊ मनाचा होता."

"विचारायचं तरी माशाला. तोंडदेखलं म्हणत असेल."

खाली बस आली, थांबली, धूर सोडून निघून गेली. म्हातारीने ती जाताना पाहिली. आता सळई कुठेतरी सापडायला हरकत नव्हती. पण हात पोलक्याकडे जाईना. डाव जिंकल्यावर असं कसंनुसं होतं, हे तिला ठाऊक नव्हतं.

सुनेने ताटल्या विसळल्या. मग तो चमचा उचलला, दांडा दाराच्या भोकात घातला, तिरका करून अर्धा वळसा दिला. टक्.

दार उघडलं.

"अगंबाई, उघडलं की!" म्हातारी म्हणाली, पण आश्चर्य काही जमलं नाही.

"मघाशीच उघडलं असतं."

"मग?"

"तुम्ही पहिल्यांदाच डब्याला हात लावला होता. म्हटलं, होऊ दे."

"आणि बस चुकली ती?"

"माझी चारची आहे. तुम्हाला बाराची सांगितली होती. तुम्ही काहीतरी करणार, हे माहीत होतं."

"फसवलंस मला?"

"एवढी वर्षं तुमच्याजवळ काढली, आई. काहीच शिकले नसते तर तुमचंच नाव खराब झालं असतं." तिने बॅग खांद्याला लावली. "आणि ती सळई काढा आता आतून. टोचत असेल."

म्हातारीने पदर सारखा केला.

चारच्या बसला अजून वेळ होता, पण दार उघडल्यावर घरात बसणं दोघींनाही जमेना. सून उंबऱ्यात चपला घालून वळली.

"येते, आई."

"जाते म्हण."

"काय?"

"येते येते म्हणत अर्धी इथेच अडकून पडशील. नीट म्हण आणि नीघ."

सून चपलेच्या पट्ट्याशी उगाच चाळा करत राहिली. मग हळूच म्हणाली, "जाते."

"हं," म्हातारी म्हणाली. "ये."

पावलं जिना उतरून गेली. सुताराची अजून झोपच चालली असावी. वाऱ्याने दार फिरलं आणि खट्कन बसलं. म्हातारीने पोलक्यातून सळई काढली. ती आता अंगाइतकी कोमट झाली होती. तिने ती भोकात बसवली, हँडल लावलं, फिरवून पाहिलं. फिरत होतं. उगाच आणखी एकदा फिरवलं. दार मात्र तिने उघडलं नाही.

ओट्यावरच्या डब्यात एक मासा तेलात उरला होता. म्हातारीने डब्यावर झाकण ठेवलं. जरा वेळ तशीच उभी राहिली, आणि मग ते काढून घेतलं.