पांढऱ्या छत्रीचा माणूस

१९३७ सालच्या फेब्रुवारीतला सोमवार, सकाळी साडेनऊ. गुंजवण्याच्या वर, राजगडाच्या अंगाला जो धनगरवाडा आहे त्याच्या मागच्या रानात बिबट्याला ओरडून उठवून बंदुकीसमोर आणायचा हाका चालला होता. एक बार झाला. हाकेकऱ्यांपैकी सोनबा नावाचा माणूस छातीत गोळी लागून जागच्या जागी मेला. बिबट्या कुणालाच दिसला नाही.

रानात बंदुका दोनच होत्या. एक पुण्याहून आलेल्या पाहुण्यांची, दुसरी त्याच धनगरवाड्यातल्या कोंडिबाची, परवान्याची, जुनी ठासणीची. नाल्याच्या तोंडाशी जनावर फिरलं तर अडवायला म्हणून कोंडिबाला तिथं बसवलं होतं. त्याची बंदूक झाडली गेली होती की नाही हे पाहायला कुणी नळीत बोटसुद्धा घातलं नाही. सोनबाचं दुपारच्या आत उरकून टाकलं, त्यामुळे गोळी कोणत्या बंदुकीची हे पाहायची सोयही उरकली. पाहुणे मोटारीत बसून पुण्याला गेले आणि पंचनाम्यात 'एक सद्गृहस्थ' एवढेच उरले. कोंडिबाच्या हातांत बेड्या पडल्या.

ही बातमी पुण्याच्या एका साप्ताहिकाच्या ऑफिसात गुरुवारी पोचली. आनंदराव तिथले जुने बातमीदार. कॉलेजात शिकलेला हा माणूस वीस वर्षं मामलेदारांशी, नगरपालिकेशी आणि स्वतःच्या संपादकांशी भांडत आला होता, आणि 'एक सद्गृहस्थ' हे दोन शब्द वाचूनच त्यांचं डोकं फिरलं. शुक्रवारी पहाटेची मोटार धरून ते नसरापूरला उतरले, तिथून बैलगाडीने आणि शेवटचा चढ पायी. त्या चढावर त्यांना दमापेक्षा चष्म्याने जास्त सतावलं. चष्म्याची उजवी काडी दिवाळीपासून मोडलेली होती. बिजागरीशी काळा दोरा गुंडाळून त्यांनी इतके महिने काढले. दोऱ्याचं टोक गालावर लोंबायचं आणि छापखान्यातली मंडळी त्यावरून चेष्टा करायची. बुधवारी दुपारी अखेर चष्मेवाल्याने तो दोरा कात्रीने कापून केरात टाकला आणि नवी काडी बसवली. ती अजून कानाला काचत होती.

धनगरवाड्यात पहिली भेटली ती कोंडिबाची बायको, धोंडाबाई. उंबऱ्यात बसून ती कोकराला पाजत होती. तिने आनंदरावांना पाणी दिलं आणि विचारलं, "पेपरात छापल्यावर मानूस सुटतो व्हय, भाऊ?"

"सुटतो. छापणाऱ्यात दम असला तर."

"मंग दावा दम," ती म्हणाली. "फाशी दिली तर त्यो एकदाच मरंल. पन काळ्या पान्यावर धाडला, तर म्या जन्मभर कुनाच्या नावानं कुकू लावू?"

आनंदरावांनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं. ते उठून थेट हाकेकऱ्यांकडे गेले.

हाका रायबाने लावला होता. पिकल्या मिशांचा, सावकाश बोलणारा माणूस. त्याने सांगितलं, "कोंडिबानं बंदूक वर केली, बार झाला, सोनबा पडला." म्हादू गोठ्यात होता, त्यानेही हेच सांगितलं. चिमाजी खाली ओढ्यावर मेंढरं धूत होता, त्याचेही शब्द हेच. शाळेतली पोरं कविता म्हणतात तसं.

आनंदराव परत रायबाकडे आले. "हाक्यात तुम्ही कुठं बघत होता?"

"डाव्या अंगाला म्हादू, उजव्या अंगाला सोनबा. रांग तुटली की जनावर मधनं निसटतं. दुसरीकडं बघायचंच न्हाई."

"मग नाल्याच्या तोंडाशी बसलेला कोंडिबा तुम्हाला दिसला कसा?"

रायबा प्रामाणिकपणे म्हणाला, "फौजदारांनी इचारलं, कोंडिबानं बंदूक कवा उचलली? तवा ध्यानात आलं, की उचलली व्हती."

आनंदरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. रायबावर नव्हे, त्या प्रश्नावर. पढवलेला साक्षीदार त्यांनी पुष्कळ पाहिला होता. त्याची नजर सारखी पढवणाऱ्याकडे जाते. रायबाची नजर स्थिर होती. त्याला ती उचललेली बंदूक खरोखरच दिसत होती.

आणि त्यांना कॉलेजातला तास आठवला. मानसशास्त्राचे प्राध्यापक शिकवत असताना दोन विद्यार्थी एकदम भांडायला उठले, एकमेकांच्या अंगावर गेले, बाकं पडली. सगळं ठरवून केलेलं होतं. मग प्राध्यापकांनी प्रत्येकाला पाहिलेलं लिहून द्यायला सांगितलं आणि सहज विचारलं, सुरा कोणाच्या हातात होता? निम्म्या वर्गाने सुरा लिहिला. सुरा नव्हताच. आनंदरावांनीही लिहिला होता. गंमत ही, की इतक्या वर्षांनीसुद्धा तो तास आठवला की त्या सुऱ्याची चमक त्यांना दिसत असे. नव्हता हे माहीत असून दिसत असे.

'जे प्राध्यापकांनी केलं ते मी इथं करतो,' असं त्यांनी मनाशी ठरवलं. ही माणसं नसलेली गोष्टही विचारल्यावर पाहतात, हे एकदा सिद्ध झालं की यांच्या जबानीचा टेकू जातो आणि कोंडिबा घरी येतो. गोष्ट मात्र अशी हवी की जी हाक्यात असणं शक्यच नाही. त्यांना पांढरी छत्री सुचली. जिथं माणसं श्वास रोखून बसतात, तिथं असलं पांढरंधोप उघडून उभं राहणाऱ्याला पाहुण्यांनी बिबट्याच्या आधी टिपलं असतं.

"बरं, रायबा," ते अगदी सहज म्हणाले, "तो पांढरी छत्री घेतलेला माणूस तेव्हा कुठं उभा होता?"

रायबाने कपाळाला आठ्या घातल्या. त्याची नजर मागच्या डोंगराकडे गेली आणि तिथं काहीतरी शोधत राहिली. मग आठ्या गेल्या.

"त्यो व्हय. त्यो हिरड्याखाली. कातळापाशी."

आनंदरावांना उडी मारावीशी वाटली. म्हादूला त्यांनी गोठ्याच्या मागे नेऊन एकट्याला विचारलं. म्हादूला आठवायला रायबाइतकाही वेळ लागला नाही.

"हिरड्याखाली व्हता की. आमी म्हनलं, पाव्हन्यांच्या संगतीचा असंल. हिरड्याच्या सावलीत बी छत्री! शेरातली मानसं, सावलीत बी ऊन लागतंय त्यांना." आणि तो स्वतःच्या विनोदावर खूप हसला.

चिमाजी ओढ्यात गुडघाभर पाण्यात होता. त्याला विचारलं तेव्हा तो मेंढराची मान सोडून सरळ उभा राहिला. "कातळाच्या वरल्या अंगाला, हिरड्याखाली," तो म्हणाला. "पर बार झाल्यावर न्हवता. छत्री मिटली आन गेला."

इथपर्यंत आनंदराव खुशीत होते. पण ओढ्यावरून परत चढताना ती खुशी थोडी अडखळली. प्राध्यापकांच्या वर्गात निम्म्यांनी सुरा पाहिला खरा. पण कुणी तो उंच मुलाच्या हातात दिला होता, कुणी बुटक्याच्या, कुणी बाकाखाली पडलेला पाहिला होता. खोटी आठवण ज्याची त्याची वेगळी असते. इथं तिघे तीन ठिकाणी होते, एकमेकांशी बोलले नव्हते, आणि तिघांनी तो माणूस एकाच हिरड्याखाली उभा केला होता.

ते त्या हिरड्यापाशी जाऊन आले. झाड, कातळ, वाळलेलं गवत. तिथून नाल्याचं तोंड, पाहुणे बसले होते ती जागा आणि सोनबा पडला ती जागा, तिन्ही एका नजरेत येत होती. सगळ्या रानात अशी जागा ही एकच. त्यांनी स्वतःची समजूत काढली, की म्हणूनच तिघांनी ती निवडली असेल. काहीही पाहायचं तर माणूस इथंच उभा राहील. उतरताना मात्र त्यांच्या लक्षात आलं, की हिरडा कुठला हे त्यांनी कुणालाच विचारलं नव्हतं. वाटेत हिरडे पुष्कळ होते, तरी ते सरळ याच हिरड्यापाशी गेले होते.

निघण्याआधी त्यांनी रायबाला शेवटचं विचारलं, "तो छत्रीवाला दिसायला कसा होता?"

रायबा अवघडला. मिशीवरून हात फिरवत म्हणाला, "आता काय सांगावं, सायेब. तुमी रागावशिला."

"नाही रागावत."

"तुमच्यावानीच व्हता."

आनंदराव मोठ्याने हसले. यापेक्षा चांगला पुरावा कोणता? नसलेल्या माणसाला चेहरा हवा. समोर विचारणाऱ्याचा चेहरा होता, तो लावून टाकला. तिघांच्या डोक्यात हेच झालं असणार. मथळासुद्धा त्यांना दिसू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते खाली चौकीवर गेले. फौजदार तरुण होते, खाकी कोटाची बटणं चकचकीत. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मध्ये एकदा चहा मागवला.

"म्हणजे माझे तिन्ही साक्षीदार खोटे?"

"खोटे नाहीत. ते मनापासून बोलतात, तेच वाईट आहे. तुम्ही बंदूक विचारली, त्यांनी बंदूक पाहिली. मी छत्री विचारली, त्यांनी छत्री पाहिली."

"कोर्टात शपथेवर सांगाल, की छत्रीवाला कुणी नव्हता?"

"सांगेन."

"मग समोरचा वकील विचारील, तुम्हाला काय ठाऊक? तुम्ही तर तिथं नव्हता. आणि तुमच्यासारखाच दिसणारा माणूस होता म्हणतात." फौजदारांनी कप खाली ठेवला. "सोमवारी साडेनवाला कुठं होता, आनंदराव?"

"ऑफिसात. पुण्याला."

"काय करत होता?"

"प्रुफं तपासत होतो."

"कसली?"

आनंदरावांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. सोमवार त्यांच्या डोळ्यांसमोर लख्ख उभा होता. खिडकीजवळचं टेबल, शाईची दौत, बशीने झाकलेला चहा, गालाला लागणारा दोऱ्याचा शेंडा, खालून येणारा यंत्राचा आवाज. पण टेबलावरच्या कागदांवर काय छापलेलं होतं ते वाचता येईना. त्यांनी त्या दिवसाची एखादी तरी खूण शोधून पाहिली. कोण आलं होतं, कोण कुणाला काय बोललं, चहा गार होता की गरम. काहीही सापडेना. जो दिसत होता तो सोमवार होता, पण कुठलाही सोमवार होता. वीस वर्षांच्या सगळ्या सोमवारांचा मिळून झालेला एक. फौजदारांनी विचारलं, म्हणून तो समोर येऊन उभा राहिला होता.

रायबाच्या कपाळावरच्या आठ्या जशा गेल्या होत्या, तशाच आपल्या गेल्या असाव्यात असं त्यांना वाटलं.

"नेहमीचीच प्रुफं," ते म्हणाले. "ऑफिसात कुणालाही विचारा."

"विचारलं तर काय सांगतील?" फौजदार हसले. "आनंदराव सोमवारी असतातच, असंच ना?"

त्यांनी शिपायाला हाक मारली आणि कैद्याला भेटायची परवानगी दिली.

कोंडिबा कोठडीत गजांशी उकिडवा बसला होता. सोमवारी दुपारी आणल्यापासून त्याला बाहेर काढलं नव्हतं. दाढी वाढलेली, डोळे मात्र ताजे, लांबवर पाहायची सवय असलेले. आनंदरावांनी धोंडाबाईचा निरोप सांगितला. मग हळू आवाजात सांगितलं, की साक्षीदारांच्या जबानीत राम नाही, ते मी कोर्टात दाखवणार, तू सुटशील. छत्रीचं नाव त्यांनी काढलं नाही. ते मुद्दामच.

कोंडिबा त्यांच्याकडे बघत राहिला, इतका वेळ की आनंदरावांना कानामागचं काचणं पुन्हा जाणवायला लागलं.

"म्या बंदूक उचलली न्हाई, सायेब," तो म्हणाला. "म्या नाल्याकडं बघतच न्हवतो. तुमच्याकडं बघत व्हतो."

"माझ्याकडे?"

कोंडिबाने हे ऐकलंच नाही, किंवा हे विचारण्यासारखं आहे असं त्याला वाटलं नाही. त्याने गजांतून बोट वर केलं आणि चष्म्याच्या उजव्या काडीकडे दाखवलं. ओळखीच्या माणसाची विचारपूस करावी तसा तो म्हणाला, "दोरा काढला व्हय? बरं केलंत. काळं टोक लई लोंबत व्हतं गालावर."

मार्च महिन्यात कोर्टात आनंदरावांनी शपथेवर सांगितलं, की हाक्यात छत्रीवाला माणूस नव्हता, तो मी बनवला; आणि त्या सोमवारी साडेनवाला मी पुण्यात ऑफिसात होतो. त्यांचा आवाज एकदाही चाचरला नाही. तिन्ही जबान्या कोसळल्या. कोंडिबा सुटला, आणि धोंडाबाईने कोर्टाच्या पायरीवर आनंदरावांच्या पायांवर डोकं ठेवलं तेव्हा त्यांनी तिला उठवलंसुद्धा नाही, नुसते उभे राहिले. पाहुण्यांना कुणी बोलावलंच नाही. सोनबाला कुणी मारलं हे कागदावर आजही कोरं आहे आणि त्याची चीड आनंदरावांनी पुढं अनेक अंकांतून जाहीरपणे काढली.

दोऱ्याबद्दल मात्र त्यांनी एक ओळ छापली नाही. दोरा चष्म्याला होता तो बुधवार दुपारपर्यंत. कोंडिबा कोठडीत होता तो सोमवार दुपारपासून. त्याआधी तो कधी पुण्याला गेला नव्हता, हे रायबापासून फौजदारांपर्यंत सगळे सांगतात. आणि त्या शुक्रवारच्या आधी आनंदरावांनी त्या डोंगरात कधी पाऊल ठेवलेलं नव्हतं, असं आनंदरावांना आठवतं.