गजाला खोबरेल

बयाबाईचा हात म्हणजे तेलाचा हात. मेंढीची जखम, पोरीची वेणी, दाराची कडी, कोरडं काही दिसलं की बाई बाटली घेऊन हजर! पासलीच्या वरल्या वाडीत कुरकुरणारं दार म्हणून शिल्लक नव्हतं.

प्रांजलच्या शाळेतल्या सरांची बदली झाली आणि त्यांच्याबरोबर प्रांजल ज्यावर शिकायची ते व्हायोलिनही गेलं. तेव्हापासून पोरगी काठीवर काठी घासत बसायची. बयाबाईला लेकीचं ते बघवेना. शेवटी वरवे बुद्रुकला कुंडलिकमामांकडं जुनं व्हायोलिन मिळालं. चाळीस वर्षं लग्नांत वाजवून मामांची बोटं आता संधिवातानं वळत नव्हती. पैसे त्यांनी नावापुरतेच घेतले, पण अट घातली.

"आठ दिसांनी पोरीला घेऊन या. वाजलं तर तुमचं, न्हाई तर परत. आधी दोघांनी नेऊन खुंटीला टांगलं. म्या उचलून आणलं."

घरी येऊन बयाबाईनं पेटी उघडली. तारांवर ओढायच्या गजाचे केस कोरडे ठक्क, वर पांढरी भुकटी. "अगं बाई, बुरा चढलाय की!" तिनं ते पुसलं आणि खोबरेल चोळचोळून लावलं.

सकाळी प्रांजलनं गज ओढला. तो तारांवरून नुसताच घसरला. आवाज म्हणून नाही.

"आये, काय लावलंस?"

"तेल. चांगलं घाण्यावरचं."

पोरगी रडायलाच लागली.  आठ दिवस गप्प बसावं असं बयाबाईला क्षणभर वाटलं खरं, पण तिनं पदर खोचला, पोरीला घेतलं आणि पहिली एसटी गाठली.

मामांनी गज हुंगला आणि कपाळावर हात मारला. "बाई, ती राळ व्हती! राळंनं केस तारंला धरत्यात. आता केसच बदलाय पायजेत, घोड्याच्या शेपटीचं."

"अवो, मग रडायचं कशाला? आमची बिऱ्हाड वाहायची पांढरी घोडी दारात हाय!"

दुसऱ्या दिवशी मायलेकी केसांची जुडी घेऊन हजर. मामांच्या बोटांना गाठ मारवेना. ते सांगत गेले, प्रांजलनं केस विंचरले आणि जन्मभर लोकर वळलेल्या बयाबाईनं गाठ अशी आवळली की मामा बघतच राहिले. मग राळ चोळली. आधी किरकिर झाली, मग सूर लागला.

"मामा, आमची चूक लई मोठी. परत ठेवून जाऊ का?" बयाबाईनं घाबरत विचारलं.

"कशापायी? त्या दोघांनी काय बिघडलं ते सांगितलंबी न्हाई. तुमी दुसऱ्या दिशी पळत आलात. तुमचंच हाय ते. वाजव गं पोरी."

प्रांजल वाजवत राहिली. मामांनी डोळे मिटले. मांडीवर त्यांची वाकडी बोटं हळूहळू हलत होती, एकेक तार दाबल्यागत.

रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजला. प्रांजल थांबू लागली, तशी बयाबाईनं तिला हातानंच दटावलं.

"जाऊ दे एसटी, चालत जाऊ," ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले. "भैरवनाथा, मामांच्या ह्या हातांचं लई उपकार झालं रं बाबा!"