झोपाळ्यावरचं वजन

मित्रांनो, मी हलतोय आणि माझ्यावर कोणी बसलेलं दिसत नाही, म्हणून लगेच पळू नका. आधी माझं ऐका. मी सागवानी झोपाळा आहे. वय बावन्न. राहणार गंगापूर रोड, सहावा मजला, हॉलच्या बाल्कनीत.

मला निजाममिस्त्रींनी बनवलं, जुन्या नाशकात. तेव्हा ते बावीस वर्षांचे होते आणि मी त्यांचं पहिलंच स्वतंत्र काम. पहिल्या कामात चूक व्हायचीच. माझ्या डाव्या साखळीची एक कडी किंचित सैल बसली. त्यामुळे मी रिकामा असलो की डावीकडे तिरपा होतो. कोणी बसलं की ती कडी ताणली जाते आणि मी सरळ होतो. मिस्त्री खजील झाले होते. पण मला घेणारे पंचवटीतले ढुंढिराज गुरुजी म्हणाले, "असू दे रे. माणूस बसला की सरळ होतो ना? मग झालं."

गुरुजी यात्रेकरूंचे उपाध्याय. लांबलांबून लोक यायचे आणि विचारायचे, "आमचे पणजोबा कधी आले होते का हो?" गुरुजी माझ्यावर बसून जाड वही उघडायचे आणि पणजोबांची सही शोधून दाखवायचे. लोक रडायचे, हसायचे, जाताना माझ्यावर पोरं आदळायची. मला सगळ्यांची वजनं पाठ होती. झोपाळ्याला दुसरं येतं काय? चेहरे लक्षात राहत नाहीत, वजन राहतं.

गुरुजी गेले. त्यांचा मुलगा विश्वेश मला फ्लॅटवर घेऊन आला.

विश्वेशचं एकच स्वप्न होतं. पंचेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडायची आणि माझ्यावर बसायचं. त्यासाठी त्याने वीस वर्षं हौस केली नाही. सहल नाही, हॉटेल नाही, मिसळीवर दुसरा पाव नाही. बायको अंजली शाळेत शिकवते. ती विचारायची, "बसून करणार काय पण?"

"काही नाही! तीच तर गंमत आहे. फोन वाजला तरी उचलायची गरज नाही, याला म्हणतात आर्थिक स्वातंत्र्य."

पंचेचाळिसावा वाढदिवस झाला आणि त्याने खरंच राजीनामा दिला. सोसायटीचं सेक्रेटरीपद सोडलं. लेक यशश्री गणिताची वही घेऊन आली तर म्हणाला, "क्लासच्या टीचरना विचार बेटा, बाबा आता मोकळा." फोनवर स्टेटस टाकलं, 'मी आता उपलब्ध नाही. कायमचा.' आणि माझ्यावर येऊन बसला. अठ्ठ्याहत्तर किलो, मी अगदी सरळ.

आता ऐका, घोटाळा कसा झाला.

त्याचा बालमित्र ज्ञानेश, पंचवटीत फ्लेक्स छापतो. त्याला वाटलं, दोस्त एवढ्या लवकर रिटायर झाला, एक शुभेच्छांचा फ्लेक्स तर पाहिजेच. त्या रविवारी दुकानात तीन मयतांचे फ्लेक्स छापायचे होते. घाईघाईत त्याने जुन्याच फाईलवर विश्वेशचा फोटो बसवला आणि बाकीचं बदलायचं विसरला. सोमवारी सकाळी पंचवटी कारंजावर दहा फुटी विश्वेश झळकला. हसरा चेहरा, भोवती छापील हार, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि खाली 'शोकाकुल मित्रपरिवार'.

ज्ञानेशने रडवेल्या आवाजात फोन केला. "विशा, माफ कर यार! उतरवतो आणि दुसरा छापतो. निम्मे पैसे मी टाकतो."

"म्हणजे निम्मे मी?" विश्वेश म्हणाला. वीस वर्षांची सवय, अशी कशी जाणार? "राहू दे. वाऱ्याने फाटेल आपोआप. आणि ऐक ना, सकाळपासून एकाचाही फोन नाही. काय शांत वाटतंय!"

तिथेच चुकलं, मित्रांनो. आपल्या नावाचा हार त्याने चार पैशांसाठी तसाच लटकू दिला.

लोकांनी फ्लेक्स पाहिला, मग स्टेटस पाहिलं. दोन्ही जुळलं.

दुपारी चौथ्या मजल्यावरच्या गोदावरीकाकू आल्या, पिठलंभात घेऊन. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारी आणतात तसा. दारातूनच त्यांनी हुंदका काढला आणि समोर विश्वेश झोका घेताना दिसला.

"अगो बाई!"

"काकू, मी आहे. फ्लेक्सवाल्याची चूक झाली."

काकू पोट धरून हसल्या. अंजलीही हसली. "पिठलं आणलंच आहे तर खाऊन घ्या," असं म्हणून काकू निघाल्या. पण जाताना "येते" म्हणाल्या नाहीत. दुःखाच्या घरून निघताना म्हणत नाहीत ना, तसं. विश्वेशच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. त्याच वेळी मला जाणवलं की माझ्यावर अठ्ठ्याहत्तर किलो नाहीत. सत्तर असतील.

दुसऱ्या दिवशी काकू पुन्हा आल्या. या वेळी हसल्या नाहीत. विश्वेशच्या समोरून गेल्या आणि अंजलीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "काही लागलं तर सांग हो."

"काकू, मी इथेच बसलोय!" विश्वेश म्हणाला.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, आणि साखळी हाताने थांबवली. रिकामा झोपाळा हलू देऊ नये, म्हणून.

विश्वेशला मजा वाटली. "बघ, आता कोणी काम सांगणार नाही," असं स्वतःशीच म्हणाला आणि पायाने रेटा दिला. माझ्या कड्या कुरकुरल्या नाहीत. एवढ्याशा वजनाला कड्या कशाला कुरकुरतील?

सोसायटीच्या ग्रुपवरून त्याचं नाव निघालं. पेपरवाला बिल द्यायला आला आणि "मॅडम, साहेबांचं ऐकून वाईट वाटलं" म्हणून गेला. सहाव्या दिवशी अंजलीने पोळ्या कमी लाटल्या. जेवायला दोनच ताटं मांडली.

"अगं, माझं ताट?"

ती दचकली. माझ्या दिशेने बघत राहिली, नजर मात्र त्याच्यामागच्या भिंतीवर. "अरे, तू आहेस होय? मला वाटलं..." काय वाटलं ते तिलाही सांगता येईना. तिने ताट आणून दिलं, पण त्याच्या हातात नाही. माझ्यावर ठेवलं, त्याच्या शेजारी, आणि कावळ्यासाठी ठेवतात तसं जरा लांबूनच.

आणि कावळा आला की! रामकुंडावरचे कावळे मी गुरुजींच्या वेळेपासून ओळखतो. ते माणसाला बुजतात. हा कठड्यावर बसला, मान वाकडी केली, उडून सरळ विश्वेशच्या मांडीवर उतरला आणि त्याच्या हातातला घास घेऊन गेला. विश्वेश "हाड हाड" करत होता. कावळा जरासुद्धा दचकला नाही.

त्या दिवशी मी पहिल्यांदा थोडा डावीकडे झुकलो. झोपाळ्याला घाम येत नाही म्हणून, नाहीतर आला असता. तो तिथे बसला होता, मला त्याचा स्पर्श कळत होता, आणि तरी मी तिरपा होत होतो. मी पूर्ण तिरपा झालो की माझ्यावर कोणीच नाही, हे मला ठाऊक होतं. सांगू कोणाला?

नवव्या दिवशी यशश्रीची मैत्रीण खेळायला आली. धावत आली आणि माझ्यावर बसली. विश्वेश बसला होता, बरोबर तिथेच.

"ई, इथे किती गार लागतंय गं!" ती म्हणाली.

यशश्री म्हणाली, "तिथे बाबा बसायचे."

बसायचे. ऐकलंत ना? पोरीने एवढं सहज म्हटलं आणि दोघी आत गेल्या. विश्वेश "यशू, यशू" म्हणत राहिला. त्याचा आवाज फक्त माझ्या फळीला कळला, टाचणी पडावी तेवढा. आता माझ्यावर एका चिमणीएवढं वजन उरलं होतं.

दहाव्या दिवशी दुपारी बेल वाजली. निजामचाचा, मला बनवणारे तेच मिस्त्री. चौऱ्याहत्तर वर्षांचे, हातात हत्याराची पिशवी. पंचवटी कारंजावरचा फ्लेक्स पाहून भेटायला आले होते.

"सूनबाई, फार वाईट झालं," ते म्हणाले आणि खुर्चीत टेकले. त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. मी हळूहळू हलत होतो. चाचा उठले, जवळ आले, खाली वाकून माझी डावी बाजू पाहिली.

"हा असा किती दिवस आहे?"

"कसा?" अंजली म्हणाली.

"अर्धा तिरपा. हा मी बनवलाय सूनबाई, याची खोड मला ठाऊक. रिकामा असेल तर पुरता झुकतो. कोणी बसलं तर सरळ. अर्धा झुकलेला मी पन्नास वर्षांत पाहिला नाही." चाचांनी आवाज खाली आणला. "इथं कोणीतरी आहे. पुरतं नाही. पण आहे."

अंजलीने तोंडावर हात ठेवला. गेले दहा दिवस तिच्या डोक्यात जे धुकं होतं ते हललं असावं. "विश्वेश?" ती म्हणाली. कोणी बोललं नाही. म्हणजे तो बोलला, "हो, हो, मी आहे ना!" पण ते मलाच ऐकू आलं.

चाचांनी वर छताकडे पाहिलं. "या आकड्याची झीज झालीय. आज बदलला नाही तर झोपाळा कोणाच्या तरी पायावर पडेल. बेटा विश्वेश, असशील तिथून ऊठ. एक टोक धर."

आणि विश्वेश काय म्हणाला असेल? सांगतो, लाज वाटते पण सांगतो. तो म्हणाला, "चाचा, कोणाला तरी पैसे देऊन बोलवा ना. मी आता मोकळा आहे."

आणि मी आणखी तिरपा झालो.

चाचांना काही ऐकू आलं नाही. त्यांनी स्टुलावर चढून आधी दुसऱ्या, धड बाजूच्या साखळ्या सोडवल्या, खाली उतरले आणि माझं ते टोक छातीशी धरलं. "जड आहे चाचा, थांबा!" म्हणत यशश्री धावली आणि दुसरं टोक तिने दोन्ही हातांनी धरलं. दहा वर्षांची पोर, ती किती पेलणार? मी पन्नास किलोचा साग. झिजलेला आकडा कटकन तुटला. मी तिच्या हातातून घसरायला लागलो, तिच्या पायाकडे. मला थांबता येत नव्हतं. झोपाळ्याला कधीच स्वतःहून थांबता येत नाही.

तेव्हा कोणीतरी माझ्याखाली हात घातला.

आधी चार बोटं. गार. मग तळहात. मग खांदा आला आणि मी त्या खांद्यावर पडलो, सगळाच्या सगळा. फरशीवर दोन पाय करकचून रोवल्याचा आवाज झाला. विश्वेशच्या घशातून "आई गं!" निघालं आणि ते घरभर ऐकू गेलं.

"बाबा!" यशश्री ओरडली. "तू इतके दिवस कुठे होतास?"

"इथेच," विश्वेश म्हणाला आणि रडायला लागला. "इथेच बसलो होतो गं."

अंजलीने त्याचा दंड धरला, दाबून पाहिला, आणि मग जोरात चिमटा काढला. तो कळवळला तेव्हा तिचा विश्वास बसला.

चाचांनी नवा आकडा लावला. चहा घेताना म्हणाले, "ओवेस, माझा पोरगा, म्हणतो, अब्बा, बस झालं, आता बसा. मी म्हणतो, मला बसायला कोणी अडवलंय? पण पैसा गाठीला असला तर फायदा एकच बेटा. कोणाचं टोक धरायचं ते आपण ठरवतो. तू तर कोणाचंच धरेना. मग झोपाळ्याला तरी कसं कळावं तू आहेस?"

फ्लेक्स दुसऱ्याच दिवशी विश्वेशने स्वतः उतरवला. नवा छापला नाही. जुना चाचांना लाकडं झाकायला दिला, फोटो आतल्या बाजूला. आता तो आठवड्यातून तीन दिवस चाचांकडे जातो. रंधा वाईट मारतो, बोलणी खातो. संध्याकाळी यशश्रीचं गणित घेतो आणि मिसळीवर दुसरा पाव खातो. गोदावरीकाकू अजून त्याला दोनदा हात लावून बघतात आणि मगच बोलतात.

तो माझ्यावर बसला की मी सरळ असतो. पण खरं सांगू? डॉक्टरकडच्या काट्यावर तो अठ्ठ्याहत्तर भरतो, आणि माझ्यावर सत्त्याहत्तर. तो एक किलो कुठे गेला ते मला माहीत नाही. ज्याने नेला त्याने परत केलेला नाही.

मित्रांनो, माझ्या कड्यांना वर्षातून दोनदा तेल द्या, एवढंच मागून मी थांबलो असतो. पण समोरच्या इमारतीकडे बघा. चाचांकडे यंदा अकरा झोपाळ्यांची मागणी आली. सगळे घेणारे तरुण, सगळे म्हणतात, लवकर सुटायचंय. चाचांचा हात आता इतका बसलाय की चूक होत नाही. ते अकराही झोपाळे रिकामे असोत की भरलेले, सरळच राहतात. त्यांच्यावर कोणी आहे की नाही, हे कळायला काही मार्गच नाही.

आत्ता दुपारचे दोन वाजलेत. वारा नाही. त्या अकरांतलाच एक, समोरच्या सातव्या मजल्यावरचा झोपाळा, हलतोय.

त्याला हाताने थांबवू नका. जवळ जा, आणि मोठ्याने विचारा, "अहो, जरा एक टोक धरता का?"

मग थोडा वेळ वाट बघा.