नारळ वर गेला

कट्टा गावच्या बाजारात लिफ्ट आली तेव्हा कट्ट्याला वीज आलेली नव्हती. भिकाजीशेटनी याला अडचण मानलं नाही. त्यांची भाताची गिरण होती, गिरणीला डिझेलचं इंजिन होतं, इंजिनाला पट्टा होता. पट्टा गिरणीवरून उतरवून डायनामोवर चढवला की लिफ्ट चाले आणि भात भरडणं थांबे. म्हणजे शेटच्या दुमजली घरात एक माणूस चढायचा, त्यासाठी वीस बायका टोपल्या घेऊन उभ्या. सन एकसष्टची प्रगती ती हीच.

लिफ्ट मुंबईच्या एका इमारतीतून काढलेली, जुनी. मालवणपर्यंत गलबतातून आली, पुढे बैलगाडीतून. तिच्याबरोबर मी आलो. तिथेही तिची देखभाल मीच करीत होतो. माझं नाव सत्यवान.

गावाला लिफ्टपेक्षा भाषेची पंचाईत झाली. आमच्याकडे माणूस 'वर गेला' म्हणजे काय झालं ते फोड करून सांगावं लागत नाही. पहिल्याच दिवशी, शेट जिन्याने माडीवर गेलेले असताना कोणी विचारलं, शेट खंय, तर मी म्हटलं, "वर गेले." तासाभरात दोन पाहुणे धोतराचा सोगा डोळ्यांना लावून हजर, आणि तिसरा विचारतोय, लाकडं कुठल्या बागेतली. त्या दिवसापासून मी 'माडीर' म्हणू लागलो. 'जातो' हा शब्द तर आमच्याकडे उंबऱ्यावर चालतच नाही. निघणाऱ्याने 'येतंय' म्हणायचं, आणि आतल्याने 'ये' म्हणायचं.

आता लिफ्टच्या दाराबद्दल. दार जाळीचं, ओढून लावायचं. चौकटीत पितळेच्या दोन जिभा. दार शेवटच्या बोटभर अंतरापर्यंत लागलं की दार त्या जिभा एकमेकींवर दाबतं, खट् वाजतं, आणि मगच मोटरला वीज मिळते. दार उघडं, तर लिफ्ट ठार बहिरी. इतका साधा आणि इतका हट्टी शहाणपणा मी माणसात पाहिलेला नाही.

मुंबईच्या मालकाला तो हट्ट नडला. दार झिजलेलं, नीट लागत नव्हतं, तर त्याने नवं दार न करता दोन्ही जिभांना तार मारून घेतली. लिफ्ट उघड्या दाराने चालू लागली. चौथ्या दिवशी मालवणचा हसन तिच्यातून बाहेर पडत असताना ती निघाली. हसनचा डावा पाय घोट्यापासून गेला. म्हणूनच शेटना लिफ्ट स्वस्त मिळाली. नवं दार मी इथे बसवलं. हसन आता बंदरावर जाळी विणतो. चपला घेतल्या की डावी मला देतो. "जोडीच इकतत मेले," म्हणतो. त्यामुळे माझ्या पायांत नेहमी दोन वेगळ्या चपला.

उद्घाटन शुक्रवारी ठरलं. पहिली बसणार शेटची आई, काशीबाई. गुडघ्यांमुळे तिने दोन वर्षांत माडी पाहिली नव्हती. ती नवं लुगडं नेसून तयार झाली तोवर तिन्हीसांजा झाली, आणि शेट म्हणाले, "सत्यवाना, दार उघडाच ठेव."

"उघड्या दारान हलाची नाय, शेटनू."

"कित्याक?"

"तिचो स्वभाव."

"लक्ष्मी येवची येळ झाली. ह्या वक्ताक दार लावतत काय रे कोण? तार मार नि चालू कर."

"मी तार मारूचंय नाय."

"नोकर कोणाचो तू?"

"तुमचो. तार मारूचंय नाय."

शेटनी माझ्या चपलांकडे बघितलं. "पायात काय घालूचा ता समजणा नाय, आणि माका शिकवता!" मग त्यांनी इंजिनवाल्या बाबलीला हाक मारली.

बाबलीला तार मारायला कुठेही आवडे. त्याची सायकल, त्याची छत्री, त्याचा चष्मा, सगळं तारेवर जगत होतं. दोन मिनिटांत त्याने दोन्ही जिभा बांधून टाकल्या. काशीबाई काठी टेकत पुढे आली. मी लिफ्टच्या उंबऱ्यावर बसलो. अर्धा आत, अर्धा बाहेर.

"उंबऱ्यार बसता तो!" भाताच्या रांगेतून आनंदीबाई ओरडली. "अवदशीचो!"

"ऊठ," शेट म्हणाले.

"नाय."

"लिफ्ट चालू झाली तर मरशीत."

"वर जायन. माजा नाव सत्यवान. परत येयन."

रांग हसली. शेटचे कान लाल झाले. आता ते खरंच बटण दाबतील असं मला वाटलं, आणि डाव्या घोट्याला मुंग्या आल्या. मी उठलो नाही. म्हटलं, "उठतंय. पण नारळ खंय आसा? नारळाशिवाय पयली फेरी?"

इथे शेट अडले. आमच्याकडे नारळाशिवाय विहिरीचा रहाटसुद्धा फिरत नाही.

"पयलो नारळ माडीर जांव दे. मगे माजी आये, असां म्हणा."

मी आनंदीबाईच्या डोक्यावरची चुंबळ मागून घेतली, उंबऱ्यावर जिथे माझा पाय होता तिथे ठेवली, आणि तिच्यात नारळ बसवला. शेंडीकडचा अर्धा बाहेर, अर्धा आत. बटण दाबायचा मान शेटचा, पण रिकामी लिफ्ट वर बोलवायचं बटण माडीवर. म्हणून लिफ्टचं उद्घाटन करायला भिकाजीशेट जिना चढून गेले.

बटण दाबल्याचं खाली कळलं. लिफ्ट निघाली. दार उघडं, नारळ शांत. तो चौकटीच्या वरच्या पट्टीला टेकला, लिफ्ट थांबली नाही, आणि असा आवाज झाला की रांगेतल्या बायकांनी पाय लुगड्यात ओढून घेतले. अर्धा नारळ काशीबाईच्या पुढ्यात पडला. अर्धा माडीवर पोचला.

शेट तो हातात घेऊन जिन्याने उतरले. काशीबाईने काठीने खालची करवंटी उलटी केली.

"मेल्या भिकाजी, माका ह्येच्यात घालूक निघाललंस?"

शेटनी माझ्या पायाकडे बघितलं. या वेळी बराच वेळ.

"ही डावी चप्पल कोणाची?"

"हसनाची."

शेटनी हातातला अर्धा नारळ उंबऱ्यावर ठेवला. बाबलीने कोणी न सांगता तार सोडली आणि खिशात घातली.

"पण लक्ष्मी?" शेट हळूच म्हणाले.

"लक्ष्मी जिन्यान येतली," आनंदीबाई म्हणाली. "तिचे गुडघे बरे आसत."

मी दार बोटभरही न सोडता लावलं. खट्. काशीबाई माडीवर गेली आणि तिथून तिने बाजाराला हात केला. सगळे जिंकले, एक शेट सोडून. ते माझ्याकडे वळले.

"चार लोकांत माजी शोभा केलंस. उद्यापास्ना येव नको."

"बरा, शेटनू. येतंय."

"ये," शेट म्हणाले.

सकाळी सात वाजता मी दाराच्या रुळाला तेल घालत होतो.

"तुका येव नको म्हटलंय मा मी?"

"म्हटलास. पण मगे 'ये' म्हटलास. शेवटचो हुकूम खरो."

"मी आयकलंय, शेटनू," रांगेतून आनंदीबाई. "ह्या कानान."

शेट लिफ्टमध्ये शिरले, माझ्याकडे न बघता दार स्वतः ओढलं. ते बोटभर उरलं, खट् वाजलं नाही. मी मदत केली नाही. शेटनी दात खाऊन पुन्हा ओढलं. खट्.

"पट्टो घाल रे बाबली!"

गिरण थांबली. वीस टोपल्या खाली ठेवल्या गेल्या.

"बेगीन उतरा हां शेटनू," आनंदीबाई वर बघून ओरडली, "माजो भात ऱ्हवलो!"