बेटावरून आलेला शब्द

आमच्या शब्दकोशाच्या कचेरीत एक नियम आहे आणि तो मोडायची कुणाची टाप नाही. शब्दाचा नवा अर्थ छापायचा तर चिठ्ठी लागते: स्वतःच्या कानांनी ऐकलेलं एक वाक्य, ते कोण बोललं, त्या माणसाशी आपलं नातं काय आणि खाली सही. चिठ्ठी नसली की जुनाच अर्थ जसाच्या तसा छापतात.

आज 'लेस्बियन' या शब्दाची पाळी होती. जुना अर्थ, 'विकृत स्त्री'. नवा, 'स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री', साहेबांनाही पसंत होता. पण चिठ्ठी कुणाकडेच नव्हती. पाचला पानं छपाईला जाणार, म्हणजे पुढची आवृत्ती निघेपर्यंत पुन्हा वीस वर्षं विकृतच. माझं डोकंच फिरलं. जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच टाकून मी तडक शिंपिणीचं दुकान गाठलं. एकवीस वर्षं ती आणि मी एका घरात राहतो. शेजारीपाजारी आम्हाला मावसबहिणी समजतात. तसं मीच सांगून ठेवलंय.

ती एका बाईंच्या बाहीचं माप घेत होती. मी शब्द सांगितला, म्हटलं यात एक वाक्य बोल, तर म्हणाली, "आला कुठून गं हा?"

"एक बेट आहे. तिथे फार पूर्वी एक बाई राहायची, बायकांवर प्रेमाच्या कविता करायची. त्या बेटाच्या नावावरून आला."

"मग तिथल्या बाकीच्या लोकांना काय म्हणतात?"

"तेच."

"पुरुषांनासुद्धा?" ती खुदकन हसली. "बिचारे. आणि तुमच्या पुस्तकात काय अर्थ दिलाय?"

मी सांगितला. तिचं हसू मावळलं. "कुणी लिहिला?"

थाप मारायला तोंड उघडलं, पण जमलं नाही. "मी. मागच्या आवृत्तीत, वीस वर्षांपूर्वी. कुणाला संशय येऊ नये म्हणून."

तिनं टेप गुंडाळून ठेवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग त्या बाईंकडे वळून ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, "आम्ही दोघी लेस्बियन आहोत, आणि एकवीस वर्षं झाली तरी हिला साधी चादरीची घडी घालता येत नाही."

"आमच्या घरीही तीच बोंब," बाई म्हणाल्या. "बाही जरा आखूड करा."

पाचला दहा मिनिटं असताना मी चिठ्ठी साहेबांपुढे ठेवली. त्यांनी ती दोनदा वाचली.

"बाई, हे जुळत नाही. वाक्यात तुम्ही दोघी, आणि नात्याच्या रकान्यात मावसबहीण?"

हाताची सवय, दुसरं काय. सगळी कचेरी कान टवकारून बसली होती. मी 'मावसबहीण' खोडलं आणि 'बायको' लिहिलं.

साहेबांनी चिठ्ठी पुन्हा माझ्याकडे सरकवली. "खोडलंय तिथेही सही लागते."

मी केली, पूर्ण नावानं.